कानाला पोचलेला हात

पप्पांनी मोबाईल माझ्यापुढं धरला तेव्हा मला वाटलं, परत कसला तरी ओटीपी आला असेल. आमच्या घरातले ओटीपी, फॉर्म, गॅसच्या तक्रारी, सगळं माझ्याकडं येतं, कारण घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. पण तो फोटो होता. फौंड्रीच्या गेटाजवळच्या काचेच्या फळ्यावर लावलेला कागद, काचेवर ट्यूबलाइटची चकाकी, आणि कोपऱ्यात मध्येच आलेलं कुणाचं तरी पिवळं हेल्मेट.

"जरा मोठं करून बघ," पप्पा म्हणाले. "माझा नंबर कितवा हाय?"

मोठं केलं की अक्षरं फुटायची, लहान केलं की दिसायची नाहीत. वर लिहिलं होतं, ‘हँड मोल्डिंग विभाग, सेवाज्येष्ठता यादी’. खाली एकतीस नावं. प्रत्येक नावापुढं कामावर हजर झाल्याची तारीख आणि जन्मतारीख.

"बावीस," मी म्हटलं.

"आन् खाली काय लिवलंय?"

खाली लिहिलं होतं की विभागातील काम कमी झाल्यामुळे यादीतील शेवटचे नऊ कामगार कमी करण्यात येतील. मी ते मोठ्यानं वाचलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात काटवटीतच थांबला. मी एकतीसातून नऊ वजा केले. मग परत केले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी मी, आणि मी बोटं मोजत होते.

"तुमचं राहतंय," मी म्हटलं. "तुमच्या नावापर्यंत राहतंय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आई भानावर आली. भाकरी उलटत तिनं विचारलं, "मग तेविसावं कोण?"

पप्पांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. त्यांना आधीच माहीत होतं. "दादा," ते म्हणाले.

पप्पा ज्यांना दादा म्हणतात ते आमचे सख्खे कुणी नाहीत. मी त्यांना काका म्हणते. ते आणि पप्पा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एकाच गावचे. एकाच सायकलवरून दोघं एमआयडीसीत काम शोधायला आले आणि एकाच दिवशी फौंड्रीत लागले. नंतर कळंब्याच्या अलीकडं एकाच गल्लीत समोरासमोर खोल्या घेतल्या. सायकलची मोटारसायकल झाली, पण गाडी एकच राहिली. काका चालवायचे, पप्पा मागं बसायचे. सकाळी काकांचा हॉर्न वाजला की आई डबा घेऊन दारात जायची. काका पप्पांपेक्षा दीड वर्षानं मोठे. म्हणून पप्पा त्यांना दादा म्हणायचे, आणि काका पप्पांना, म्हणजे पंचेचाळीस ओलांडलेल्या, केस पांढरे झालेल्या माणसाला, बारक्या म्हणायचे.

दोघंही हातानं साचे करायचे. ओली काळी वाळू लोखंडी पेटीत दाबून बसवायची, त्यात नमुन्याचा ठसा उठवायचा, नमुना अलगद काढायचा, की मागून येणारी माणसं त्यात लोखंडाचा रस ओततात. पप्पांच्या नखांत ती वाळू कायम असते. आता कंपनीत मशीनवर साचे होतात, हाताचं काम उरलं ते थोडं. कपात होणार ही चर्चा वर्षभर होतीच. प्रश्न एवढाच होता, कुणाची. शेवटी नियम ठरला की जो शेवटी आला तो आधी जाईल. पप्पा म्हणायचे, हे बरं झालं, नाहीतर सायबाच्या फुडंफुडं करणारी राहिली असती आणि काम करणारी गेली असती.

मला हा नियम माहीत होता. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या तासाला सरांनी शिकवला होता. सर म्हणाले होते, यात कुणाचं तोंड बघितलं जात नाही, म्हणून ही पद्धत न्याय्य. परीक्षेत मी ते तसंच लिहिलं होतं. दहापैकी आठ मार्क पडले होते.

पण दोघं एकाच दिवशी हजर झाले असतील तर काय करायचं, ते सरांनी सांगितलं नव्हतं. ते यादीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. हजर दिनांक सारखा असेल तर जो वयानं मोठा तो ज्येष्ठ.

मग काका वर पाहिजे होते. पण यादीत पप्पांची जन्मतारीख एक जून होती, आणि काकांचीही एक जूनच होती, मात्र पुढच्या वर्षाची.

त्याची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की मला ती पाठ होती. दोघांना एकाच दिवशी शाळेत घालायला नेलं होतं. जन्मतारीख कुणाच्याच आईबापाला सांगता येत नव्हती. हेडमास्तरांनी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणं पोरांना उभं केलं आणि सांगितलं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. पप्पा जेमतेम पाच वर्षांचे होते, पण त्यांचे हात लांब. कान लागला. काका मोठे, पण आखूड हातांचे. बोटं कानाच्या वरपर्यंत जायची आणि थांबायची. "मान वाकडी करतंय बघा बेणं," हेडमास्तर म्हणाले आणि काकांना पुढच्या वर्षी यायला सांगितलं. तारखा हेडमास्तरांनीच लिहिल्या, सगळ्या पोरांना एकच, एक जून. पप्पांना ह्या वर्षी सहा पूर्ण, काकांना पुढच्या वर्षी.

ही गोष्ट काकाच रंगवून सांगायचे. चहा घेताना उठून उभे राहायचे, हात डोक्यावरून न्यायचे, आणि आजही कानाला लागत नाही असं नाटक करायचे. आणि शेवटी दरवेळी म्हणायचे, "मास्तरानं माझं भलंच केलं की. बारक्या रिटायर होऊन घरात भांडी घासत बसंल, आन् मी अजून एक वरीस हाजरी लावणार."

गावच्या दफ्तरात काकांची खरी नोंद होती. ते त्यांना ठाऊक होतं. कामावर लागताना कुणीतरी सांगितलंही होतं की तारीख दुरुस्त करून घे. त्यांनी घेतली नाही. एक वर्ष जास्त नोकरी मिळत असेल तर कोण दुरुस्त करणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आमच्याकडं आले. एरवी ते दारातूनच ओरडत यायचे. त्या दिवशी त्यांनी चपला काढून नीट कडेला लावल्या. हातात त्यांचा मोबाईल होता, त्यात तोच फोटो, पप्पांच्यापेक्षा स्पष्ट.

"पोरी, ही खालची भानगड जरा वाचून दाव," ते म्हणाले. "हरकत का काय ती."

काका सातवी शिकलेले. वाचता यायचं त्यांना, पण असल्या भाषेला घाबरायचे. मी मोबाईल घेतला. पप्पा कॉटवर बसले होते. आई आत गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

तिथं लिहिलं होतं, ‘यादीबाबत हरकत असल्यास सात दिवसांच्या आत योग्य त्या पुराव्यासह लेखी सादर करावी.’

मी वाचलं, "यादीबाबत हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी सादर करावी."

मधले तीन शब्द मी वाचले नाहीत. ठरवून केलं असं म्हणवत नाही, आणि चुकून झालं असंही म्हणवत नाही. डोळ्यांना ते दिसले आणि तोंड त्यांच्यावरून पुढं गेलं.

"मग लिव की," काका म्हणाले. "खरं हाय ते लिव. मी बारक्यापरास मोठा हाय, शाळंत चुकीचं लागलंय. एवढंच." मग ते पप्पांकडं वळले. "तुला काय वाटतंय का रं?"

"मला काय वाटायचं, दादा," पप्पा म्हणाले. "तुमचं खरंच हाय."

"तसं न्हवं. तू वर हाइस, मी वर आलो तर तू..."

"लिवू दे की तिला," पप्पा म्हणाले. ते जमिनीकडं बघत होते.

मी वहीचा कागद फाडला आणि अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. ‘मा. व्यवस्थापक साहेब यांस, विनंती अर्ज करतो की’ असं सगळं मी व्यवस्थित लिहिलं. प्रत्येक ओळ लिहिताना मला कळत होतं की हा अर्ज मान्य झाला तर तेविसावे पप्पा होतील. पप्पा घरी बसले तर माझं कॉलेज पुढच्या जूनमध्ये थांबणार, हेही कळत होतं. आईनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण आमच्यात तेवढं सांगावं लागत नाही. माझ्या हाताला घाम येऊन शाई पसरली. मी दुसरा कागद घेतला.

काकांनी सही केली. कागदाची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "संगं काय लावायचं असतंय का? गावात माझी नोंद हाय बघ."

"काही नाही," मी म्हटलं. "अर्ज पुरे."

पप्पांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. त्यांनी तो कागद गेटावर उभं राहून वाचला होता, हे मला त्या बघण्यातूनच कळलं. मी वाट बघितली. ते बोलले नाहीत. आईनं विचारलं, "चा ठेवू?" आणि ती आत गेली.

त्यानंतरचे तीन दिवस मी कशी होते ते नीट सांगता येत नाही. मी कॉलेजला जात होते, तासाला बसत होते. पण फोन वाजला की दचकायचे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलचा आवाज आला की कान टवकारायचे, दोघं येतायत की एकटं कुणी. दोघं यायचे. काका चालवायचे, पप्पा मागं. कधी वाटायचं काका अजूनही कागद लावतील, आणि पप्पा जातील. कधी वाटायचं कुणीतरी त्यांना सांगेल की त्या पोरीनं तुला फसवलंय. दोन्ही भीती एकाच ठिकाणी दुखायच्या आणि त्यातली मोठी कोणती हे मला कळत नव्हतं. घरात आम्ही तिघंही त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. आई मात्र पप्पांना दोनदा भाजी वाढायला लागली, जणू ते कुठं लांब जाणार होते.

यादी लागल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी काकी आल्या. हातात झाकलेलं पातेलं. खपली गव्हाची खीर होती.

"तुझ्यासाठी आणलिया," त्या म्हणाल्या. "ह्यांनी अर्ज दिला की, तिथल्या क्लार्कनं अक्षर बघून इचारलं म्हणं, वकिलाकडनं लिवून घेतलं काय? हे म्हटले, आमच्या घरचीच पोरगी हाय." त्या खाली बसल्या आणि पदरानं गळा पुसला. "आमची दहावीतली म्हणत्या, अभ्यास करून काय हुतंय. मी म्हटलं, ताईकडं बघ. घरात एक शिकल्यालं माणूस असलं की किती आधार असतुय."

मी खीर खाल्ली. त्या समोर बसून बघत होत्या, म्हणून खावी लागली. त्या गेल्यावर मी पातेलं घासलं, पुसलं, आणि ते परत द्यायचं निमित्त करून समोर गेले. आईनं मला जाताना बघितलं. "आत्ताच कशाला?" ती म्हणाली. मी थांबले नाही. थांबले असते तर गेले नसते.

काका नुकतेच कामावरून आले होते. दारातल्या बॅरलमधून पाणी घेऊन पाय धुत होते. मी पातेलं कट्ट्यावर ठेवलं.

कॉलेजात गेल्यापासून मी ‘जाते, येते, बोलले’ असं बोलायला शिकले आहे. पुण्याकडच्या मुली आमच्या ‘मी जातो’ला हसतात म्हणून. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून गल्लीतलंच आलं. "काका, मी खोटं बोललो."

"कशाचं?"

"पुरावा लावायचा असतो. कागदावर लिहिलंय. मी ते वाचलो न्हाय. नुसता अर्ज चालत न्हाय, काका. गावची नोंद लावाय पायजे. अजून दोन दिवस हायत."

काकांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी संपलं तरी ते तो पायावर ओततच होते. आतून काकींनी विचारलं, "कोण हाय वो?"

"कोण न्हाय," काका ओरडले. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, आणि त्या हळू आवाजाची मला जास्त भीती वाटली. "बारक्यानं सांगितलं तुला? असं वाच म्हणून?"

"न्हाय. आईशप्पथ न्हाय. मीच."

"त्येला ठावं हाय?"

मी कट्ट्यावरच्या पातेल्याकडं बघत राहिले.

"म्हंजे हाय," काका म्हणाले. "तीन दिस माझ्या पाठीमागं गाडीवर बसतुय, आन् त्येला ठावं हाय." त्यांनी तांब्या बॅरलवर आपटला. "जा घरला. आन् रडू नगंस दारात, लोकं बघत्यात."

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला नाही. काका कामावर खाडा करून गावाला गेले होते. पप्पा डबा हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले, मग चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि वडापची, म्हणजे सीट भरून जाणारी, रिक्षा पकडली. काकांना काय सांगितलं ते मी पप्पांना आदल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मला वाटलं होतं ते मारतील, किंवा ओरडतील तरी. त्यांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "होय." ते म्हणाले, "बरं," आणि कुशीवर वळले. आई मात्र रात्रभर माझ्याशी बोलली नाही. सकाळी माझी वेणी घालताना तिनं केस नेहमीपेक्षा घट्ट ओढले आणि मागूनच म्हणाली, "आता काय व्हईल ते आपल्या डोक्यावर."

सातव्या दिवशी काकांनी ग्रामपंचायतीतला जन्माचा दाखला जोडला. आठवड्यानं दोघांना ऑफिसात बोलावलं.

तो दिवस मला सगळ्यात लांब वाटला. सकाळचे दोन तास झाल्यावर मी कॉलेजच्या जिन्यावर बसून राहिले. मैत्रिणीनं विचारलं, बरं नाही का, तर मी म्हटलं, डोकं दुखतंय. मनात मी हिशेब मांडत होते. पप्पा गेले तर आईला शिवणाची कामं वाढवावी लागतील. मला कुठंतरी दुकानात लागावं लागेल. बहुतेक राजारामपुरीत, तिथं कामाला मुली पाहिजेत अशा पाट्या लागलेल्या असतात. मग मला वाटायचं, आपणच बोललो म्हणून हे. मग काकींची खीर आठवायची. मग परत पहिल्यापासून.

पप्पा घरी आले ते एकटे. दारात बसून बूट सोडता सोडता, कुणी विचारलं नसताना त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"सायबानं दाखला बघितला. म्हटला, खरा दिसतुय. मग म्हटला, इतकी वरसं काय केलंसा? पीएफला एक जून, आधारला एक जून, सगळीकडं एक जून. आता नोकरी जायाची येळ आली तवा तारीख आठवली व्हय?" पप्पांनी दुसरा बूट ओढला. "दादा काय बोलणार? बोलून बोलून तिथल्या सगळ्यास्नी ठावं हुतं, दादा एक वरीस जास्ती राहणार म्हणून."

"मग?" आईनं विचारलं.

"मग सायब माझ्याकडं वळला. म्हटला, तुमी एका गावचं. तुमी सांगा, तुमच्यात मोठं कोण."

पप्पांनी बूट उचलून कडेला ठेवले.

"मी म्हटलं, कागदावर हाय तसं."

गल्लीत कुणाच्या तरी टीव्हीवर जाहिरात लागली होती. पप्पा उठले आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागले. खूप वेळ धुतले. नखांतली वाळू साबणानं जात नाही, हे त्यांना माहीत आहे, तरी धूत राहिले. आईनं हळूच विचारलं, "आन् दादा?"

"बघत हुतं माझ्याकडं," पप्पा आतूनच म्हणाले. "नुसतं बघत हुतं."

मी अजूनही स्वतःला सांगते की पप्पा खरं बोलले असते तरी साहेबांनी कागदच धरला असता. बहुतेक तसंच असेल. पण मी पप्पांना त्या खोलीत उभं असलेलं डोळ्यांपुढं आणते तेव्हा मला राग येत नाही. मला फक्त त्यांची भीती कळते, कारण ती माझ्या ओळखीची आहे. मोबाईलवरचे तीन शब्द गिळताना मला जे झालं होतं, तेच त्यांना झालं असणार.

महिन्याभरात नऊजण गेले. काकांचा हिशेब कंपनीनं नियमाप्रमाणं दिला असं पप्पा म्हणाले. काकांनी गल्ली सोडली नाही, पण समोरचं दार आमच्या बाजूला कमी उघडायला लागलं. काकी दिसल्या की मान हलवतात, थांबत नाहीत. त्यांच्या दहावीतल्या मुलीनं माझ्याकडून नेलेली गाईड आईच्या हातात परत दिली, कव्हर घालून. पप्पांनी हप्त्यावर एक जुनी मोपेड घेतली. त्यांना गाडी चालवायची सवय नाही. चौकात उगाच पाय टेकवतात.

आता काका माझ्या कॉलेजच्या वाटेवरच्या एका अपार्टमेंटला वॉचमन आहेत. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि गेटाजवळ प्लास्टिकची खुर्ची. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी रस्ता बदलला. चार दिवस बदलला. पाचव्या दिवशी रस्ता खोदलेला होता, म्हणून तिथूनच जावं लागलं.

"काय गं," त्यांनीच हाक मारली. "थोरलं बरं हायत न्हवं?"

मला आधी कळलंच नाही कोण थोरलं. मग कळलं. पप्पांना ते आता थोरलं म्हणतात. कागदावर आहे तसं.

"बरे आहेत," मी म्हटलं.

"आमचा रामराम सांग दादास्नी." ते हसले नाहीत. मग एक गाडी आली आणि ते गेट उघडायला उठले.

त्यानंतर ते रोज विचारतात. थोरलं बरं हायत का, थोरल्यांची गाडी काय म्हणत्या. मी उत्तर देते आणि पुढं जाते. पप्पांना मी हे सांगितलेलं नाही. रस्ता मात्र आता बदलत नाही. त्यांनी विचारावं आणि मी थांबून ऐकून घ्यावं, एवढं तरी मी केलं पाहिजे असं मला वाटतं. त्यानं काही भरून येत नाही, तेही मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात पप्पांनी परत मोबाईल माझ्यापुढं धरला. फळ्यावर नवी यादी लागली होती. ह्या वेळी किती जाणार ते लिहिलेलं नव्हतं, नुसती यादी होती, आणि खाली तीच बारीक अक्षरं. नावं बावीस. पप्पांच्या नावाखाली काही नव्हतं, कागदाचा पांढरा भाग आणि काचेवर ट्यूबलाइट.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटापाशी काकांनी मला थांबवलं. "यादी लागली म्हणं नवी."

"लागली."

"शेवटाला कोण हाय?"

त्यांना माहीत होतं. त्यांच्या वरचं नाव कुणाचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी मी सांगितलं, "पप्पा."

मला वाटलं, आता टोमणा येणार. काकांनी गळ्यातली शिट्टी खिशात घातली, परत बाहेर काढली. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "बारक्याला सांग, येळ असतानाच कागदं गोळा करून ठेव म्हणावं. शाळंचा दाखला, हाजरीचं पत्र, समदं. आन् तूच वाच. नीट वाच."

त्या संध्याकाळी मी पप्पांना निरोप दिला. कुणाचा ते सांगायची गरज पडली नाही, ‘बारक्या’ ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली. आईनं कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. मी जमिनीवर बसून पप्पांच्या मोबाईलवरची सूचना पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली. ‘योग्य त्या पुराव्यासह’ इथं आल्यावर मी थांबले. ते तीन शब्द परत म्हटले, आणि पुढं वाचत गेले. पप्पा पेटीतला एक एक कागद उलगडून माझ्यासमोर ठेवत होते. त्यांचे लांब हात पेटीच्या तळापर्यंत पोचत होते.